पिकअपच्या कापडी सीटला लेदर बसवताना

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी इंदुरातल्या कापडी सीटच्या गाड्या बघाव्यात. रंगाचे पाणी फोमपर्यंत मुरलेले असते. कितीही शाम्पू लावला तरी सीट वाळता वाळता डाग पुन्हा वर येतो. पिकअपला तर हा त्रास बारा महिने असतो: घाम, डिझेलचे हात, माळव्याच्या काळ्या मातीची धूळ. तेव्हा लेदरची कव्हरे घ्यायचा विचार चांगलाच आहे. फक्त ती जुन्या कापडावर चढवू नका. कापड उतरवा आणि त्याच्या जागी लेदर बसवा. मेहनत दुप्पट लागते, पण फरकही तिथेच पडतो.

कारण साधे आहे. कंपनीचे कापड सीटच्या खाचांमध्ये आत ओढून बांधलेले असते. कापडाच्या उलट्या बाजूला शिवलेल्या नळीत लोखंडी तार असते, फोमच्या आत दुसरी तार असते आणि या दोन तारांना स्टीलच्या रिंगा जोडून ठेवतात. या रिंगांना हॉग रिंग म्हणतात. वरून चढवलेले कव्हर इलास्टिक आणि हुकांच्या भरवशावर असते. खाचेवर ते पुलासारखे ताणून राहते. माणूस बसला की ते खाली जाते, उठला की वर येते आणि चारेक महिन्यांत शिलाई उसवायला लागते.

खरेदी करताना

दुकानात ‘नप्पा’ (मऊ अस्सल कातडे) म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे नकली लेदर असते. कापलेली कड बघा. खाली विणलेले कापड दिसले तर ते पीयू किंवा रेक्झिन. कड एकजीव आणि तंतुमय असेल तर कातडे. बसण्याचा भाग कातड्याचा आणि बाजू रेक्झिनच्या, असे किट सर्रास मिळतात. त्यात गैर काही नाही, मात्र पैसे तेवढेच द्या. कातडे १ ते १.२ मिलिमीटर जाडीचे हवे. दीड मिलिमीटरच्या पुढे गेले की खाचेत नीट दुमडत नाही. माल वाहणाऱ्या गाडीला हलक्या पीयूपेक्षा जाड रेक्झिन बरे, हे आमचे स्पष्ट मत. हलके पीयू घाम आणि उष्णतेने दोन-तीन उन्हाळ्यांत पापुद्रे सोडते.

एसी नसलेल्या केबिनमध्ये बसण्याचा भाग बारीक छिद्रांचाच घ्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना त्याचा काय उपयोग? मे महिन्यात ४२ अंशांत उन्हात उभ्या गाडीतल्या काळ्या सीटवर बसवत नाही. गडद राखाडी किंवा तपकिरी रंग त्यातल्या त्यात सोयीचा; बेज रंगावर मातीचा हात लगेच उमटतो.

मागवताना गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही. मागची सीट अखंड आहे की ६०:४० विभागलेली, डोक्याचा टेका सुटा आहे का, आर्मरेस्ट आहे का, हेही सांगा. सगळ्यांत महत्त्वाचे: पाठीच्या बाहेरच्या कडेला ‘एअरबॅग’ असे लेबल आहे का ते बघा. असेल तर कव्हरची त्या बाजूची शिलाई एअरबॅग फुगताना फाटेल अशा खास दोऱ्याची लागते. विक्रेता याची खात्री देत नसेल तर ते किट घेऊ नका. या सीटवर दुसरे कव्हर चढवणे म्हणजे एअरबॅगचे तोंड बांधणे.

शिलाई बाँडेड पॉलिएस्टर किंवा नायलॉन दोऱ्याची हवी. सुती दोरा घामाने कुजतो. टाके अगदी जवळजवळ असतील तर कातडे पोस्टाच्या तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते. ड्रायव्हर उजवीकडून चढतो-उतरतो, म्हणून त्याच्या सीटची उजवी कड सगळ्यांत आधी जाते. तिथे दुहेरी शिलाई मागा.

हत्यारे

१९ मिलिमीटरच्या गॅल्व्हनाइज्ड हॉग रिंगा साधारण १५०, वाकड्या तोंडाची हॉग रिंग पक्कड, साइड कटर, १२, १४ आणि १७ नंबरचे सॉकेट, काही गाड्यांना ताऱ्याच्या (चांदणीच्या) आकाराचे टॉर्क्स बिट, प्लास्टिकची पट्टी, खडू, केस वाळवायचा ड्रायर आणि दोन मोठ्या पॉलिथिनच्या पिशव्या. सियागंजच्या हार्डवेअर दुकानांत यातले बहुतेक मिळेल. साधी पक्कड रिंग दाबते खरी, पण रिंग तिरकी बसते आणि टोक कातड्याला टोचते. केबल टाय लावून काम उरकणारे पुष्कळ आहेत; उन्हाने टाय ठिसूळ होऊन तुटतो आणि मग खाच वर येते.

सीट काढणे

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि किमान तीन मिनिटे थांबा. मगच सीटखालचे पिवळे कनेक्टर सोडवा. पिवळा रंग म्हणजे एअरबॅगचे वायरिंग. सीट बाहेर असताना चावी फिरवू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि तो घालवायला स्कॅनर लावावा लागतो. ज्या गाडीत सीट इलेक्ट्रिक असेल तिथे बॅटरी काढण्याआधीच सीट मागे-पुढे करून चारही बोल्ट मोकळे करून घ्या. साध्या सीटला हे नंतर केले तरी चालते: मागे सरकवून पुढचे दोन, पुढे सरकवून मागचे दोन.

बाजूचे प्लास्टिक, मग टेकण्याचा लिव्हर. डोक्याच्या टेक्याच्या दोन नळ्यांपैकी एकीला लॉकचे बटण असते, दुसरीला नसते. काढतानाच डावी-उजवी खूण करा. पाठीच्या खालच्या कडेला प्लास्टिकच्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या असतात, त्या पिळून सोडवायच्या. ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली सेन्सरची पातळ गादी असेल तर तिला हात न लावता कापड उचला.

आता जुन्या रिंगा कटरने तोडा. तोडण्याआधी प्रत्येक खाचेचा फोटो घ्या आणि रिंगा कुठे होत्या त्यावर खडूने खूण करा. कापडातल्या लोखंडी तारा जपून ओढून काढा. बहुतेक किटमध्ये नव्या तारा येत नाहीत. त्या टाकून दिल्या तर काम तिथेच अडले म्हणून समजा.

फोम उघडा पडल्यावर दाबून बघा. ड्रायव्हरचा फोम उजवीकडे बसलेला असतोच. तिथे १० मिलिमीटरचा घट्ट फोम कड उतरती कापून स्प्रे गोंदाने चिकटवा. हे आळसाने सोडले तर नवे लेदर त्या खड्ड्यात सुरकुतते, आणि नंतर दोष कव्हरचा असे वाटते.

लेदर बसवणे

कव्हर आधी १५-२० मिनिटे उन्हात ठेवा. डिसेंबरच्या सकाळी हे काम करायला घेऊ नका. थंड कातडे ताणले जात नाही आणि शिलाईवर जोर येतो. ड्रायर वापरायचा तर वीतभर अंतरावरून, आणि हात ठेवता येईल इतकीच ऊब. जास्त तापले तर कातडे आकसते आणि मग सुधारत नाही.

जुन्या तारा नव्या कव्हरच्या नळ्यांत घाला. फोमच्या मध्यावर खडूची रेघ मारा, कव्हरच्या मध्यावरही. दोन्ही जुळवून आडवी-उभी खाच जिथे मिळते तिथे पहिली रिंग मारा; मग एक डावीकडे, एक उजवीकडे. एका टोकापासून सुरुवात केली तर तिथली पाच मिलिमीटरची चूक दुसऱ्या कोपऱ्यात दोन सेंटिमीटर होते आणि सगळ्या रिंगा पुन्हा तोडाव्या लागतात.

प्रत्येक रिंगेने दोन्ही तारा धरल्या आहेत का ते बोटाने चाचपा. रिंग फक्त नळीच्या कापडात अडकली तर ते महिन्याभरात फाटते. नुसत्या फोममध्ये अडकली तर फोमचा तुकडा घेऊन वर येते. नव्या माणसाचे काम इथेच बिघडते, बाहेरून तीन आठवडे काही कळत नाही. रिंगांत साधारण सहा-सात सेंटिमीटर अंतर ठेवा, आधी जिथे होत्या त्याच जागी मिळाल्या तर उत्तम. सगळ्या खाचा संपल्यावरच कडेच्या पट्ट्या अडकवा.

पाठीचे कव्हर उशीच्या अभ्र्यासारखे उलटे करून वरून उलगडत आणायचे. फोमवर पॉलिथिनची पिशवी घातली की ते सरसर उतरते. खांद्याचे कोपरे बसले की पिशवी ओढून काढा. एअरबॅगच्या बाजूला पिशवी राहू देऊ नका. मधली खाच बांधून, खालच्या पट्ट्या बंद केल्यावर डोक्याच्या टेक्यासाठी भोके पाडा. बोटाने जागा चाचपून नळीपेक्षा लहान फुलीचा काप द्या. इथे घाई केली तर दुरुस्ती नाही.

मोठ्या ट्रकच्या हवेवर चालणाऱ्या सीटला पूर्ण सीट काढायची गरज सहसा पडत नाही, गादी आणि पाठ सुटी होते. आधी हवा सोडून सीट पूर्ण खाली बसवा. कैचीसारख्या यंत्रणेत बोट सापडते. कव्हरची खालची झालर त्या यंत्रणेत लोंबत राहणार नाही हेही बघा.

परत बसवताना दोन्ही रुळांचे लॉक एकाच खाचेत आहेत का ते पाहा. चारही बोल्ट आधी हाताने फिरवा, मग सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे तिथे दिलेल्या जोराने आवळा. पिवळे कनेक्टर जोडल्यावरच बॅटरी जोडा. मग खंडवा रोडवर सिमरोलपर्यंत एक चक्कर मारून बोल्ट पुन्हा तपासा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत बारीक सुरकुत्या राहतात, त्या उन्हाने आणि वजनाने जातात. मोठी तिरकी सुरकुती मात्र जात नाही. ती मध्यरेघ चुकल्याची खूण. कातड्याला डॅशबोर्डचे पॉलिश लावू नका, सीट घसरडी होते. साबणाचे सौम्य पाणी, पिळलेला कपडा, वर्षातून दोनदा कंडिशनर. रेक्झिनला कंडिशनर लावणे म्हणजे पैसे पुसून टाकणे. आणि पुढच्या गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या दिवशी छिद्रांच्या सीटवर जुनी चादर टाका, कारण छिद्रांत गेलेला रंग निघत नाही.