कयाकसाठी मरीन रेडिओ घेताय? या चुका टाळा

विदर्भातल्या गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) चालवणारे अजून मोजकेच. पण कयाक घरी आली की दुसऱ्याच दिवशी हातातला मरीन व्हीएचएफ सेट, म्हणजे बोटींवर वापरतात तो बिनतारी रेडिओ, ऑनलाइन शोधणं सुरू होतं, आणि पहिली चूक तिथेच होते. हा सेट १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. त्याचा खरा उपयोग चॅनल १६ चा, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर मारलेल्या संकटाच्या हाकेचा. समुद्रात ती हाक जहाजं ऐकतात, तटरक्षक दल ऐकतं. धरणात कोण ऐकणार? डोंग्यावरच्या मासेमारी करणाऱ्या एका ढिवर काकांनी सेट उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "भाऊ, तिकडून कोन बोलते यावर?" कोणीच नाही, हेच उत्तर.

शिवाय आपल्या देशात मरीन सेटला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. धरणावर वॉटरप्रूफ पाऊचमधला मोबाइल, लाइफ जॅकेटला बांधलेली शिट्टी आणि ११२ नंबर एवढं पुरेसं आहे. आपसात बोलायचं असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे वॉकीटॉकी विनापरवाना चालतात. फक्त सेटला सरकारी मान्यता आहे का ते बघून घ्या. ‘सगळ्या फ्रिक्वेन्सी पकडतो’ म्हणून विकला जाणारा स्वस्त सेट मात्र घेऊ नका.

मालवण-तारकर्लीला जाऊन समुद्रात उतरणार असाल, तर मरीन सेटचा विचार जरूर करा. तिथली मोठी चूक म्हणजे वॅट बघून सेट निवडणं. व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे पल्ला ठरतो अँटेनाच्या उंचीवर. कयाकमध्ये बसल्यावर अँटेना पाण्यापासून जेमतेम १ मीटर वर असतो. तिथून क्षितिज ४ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दोन कयाकांमध्ये कागदावर ८, आणि लाटा उसळल्या की त्याहून बरंच कमी. किनाऱ्यावरचा अँटेना १०० मीटर उंच असेल तर हाच हिशेब ४५ किलोमीटरपर्यंत जातो. म्हणून ५ आणि ६ वॅटमधल्या फरकासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. बोलताना अँटेना उभा धरा, सेट शरीराच्या आडोशाला नेऊ नका.

सेट हॅचमध्ये, म्हणजे कयाकच्या झाकणबंद कप्प्यात, ठेवणं ही तर जीवावर बेतणारी चूक. कयाक उलटली की तो हॅच उघडणार कोण? सेट लाइफ जॅकेटवरच हवा. सेटवर लिहिलेला ‘आयपीएक्स७’ हा वॉटरप्रूफ दर्जा म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो एवढंच, तरंगतो असं नाही. तरंगणारा सेटही क्लिप आणि दोरी लावल्यावर बुडू शकतो, त्यात गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. घरच्या हौदात क्लिपसकट टाकून बघा.

संकटाची डिजिटल हाक पाठवणाऱ्या लाल डीएससी बटणावर फार जण भाळतात. ते बटण कामाला येण्यासाठी सेटमध्ये एमएमएसआय, म्हणजे हाक कोणाची ते सांगणारा ओळख नंबर, भरलेला लागतो. तो नसेल तर बटण नुसतं शोभेचं.

आता नेहमीच्या तक्रारी. ‘ऐकू येतं, पण बोलायला बटण दाबलं की सेट बंद पडतो’ म्हणजे बॅटरी दमली. पाठवायला ऐकण्यापेक्षा कितीतरी जास्त करंट लागतो. सेटची ताकद १ वॅटवर आणून पाहा, बहुधा काम भागेल. पेन्सिल सेलचा ट्रे बसणारा सेट मिळाला तर उत्तम, कारण ते सेल गावच्या किराणा दुकानातही मिळतात. पण बऱ्याच सेटमध्ये त्या ट्रेवर कमी ताकदच मिळते.

१६ वर सगळं नीट, पण दुसऱ्या चॅनलवर गेलं की समोरचा गायब? सेट ‘यूएसए’ मोडवर आहे का पाहा. त्यात काही चॅनलांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या असतात. आपल्याकडे ‘इंटरनॅशनल’च ठेवा.

पाण्यात पडल्यावर आवाज घोगरा आला तर घाबरू नका. स्पीकरच्या जाळीत पाणी अडकलेलं असतं. जाळी खाली करून झटका.

राहिला आपला उन्हाळा. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर सेट विसरलात तर लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका, बदला.