फुटाण्याचं पीठ रोजच्या जेवणात कसं आणावं

फुटाण्याच्या पिठावरचे बहुतेक सल्ले ‘सकाळी पाण्यात कालवून प्या’ इथेच संपतात. माणूस आठवडाभर पितो, कंटाळतो, आणि उरलेलं पीठ डब्यात खवट होतं. रोज पोटात जायला हवं असेल तर ते पोळीत, भाजीत आणि पराठ्यात गेलं पाहिजे.

घरी करायचं तर बिनमिठाचे, सालासकट फुटाणे मंद आचेवर जरा गरम करा, पूर्ण गार होऊ द्या, मिक्सरमधून काढा, चाळा. चाळणीत राहिलेली सालं टाकू नका, पुन्हा फिरवा. चोथा त्यांच्यातच असतो. विकत घेताना पाकिटावरची यादी वाचा, कारण आपल्याकडच्या सातूच्या पिठात बहुधा गहूही असतो आणि ज्यांना गहू चालत नाही त्यांना ते बाधेल. याच्या बदली बेसनही घेऊ नका. बेसन कच्च्या डाळीचं असतं, ते शिजवावंच लागतं. हे पीठ भाजलेलं असल्यामुळे तसंच खाता येतं.

ताकातून घ्यायचं तर आधी घोटभर ताकात पीठ कालवून गुठळ्या मोडा, मग उरलेलं ताक, मीठ आणि जिरेपूड घाला. पोळ्यांसाठी 4 वाट्या कणकेला 1 वाटी पीठ पुरे, पाणी थोडं जास्त लागेल. सिमला मिरचीची किंवा मेथीची पीठ पेरून भाजी करताना बेसनाचा कच्चा वास जायला तेल आणि वाफ दोन्ही जास्त लागतं. इथे भाजी शिजली की पीठ भुरभुरायचं, 2 मिनिटं झाकायचं, झालं. पातळ रस्साही याने छान मिळून येतो, मात्र पीठ गार पाण्यात कालवूनच घाला. उकळत्या रश्शात कोरडं पीठ टाकलंत तर झालेल्या गुठळ्या शेवटपर्यंत मोडत नाहीत.

खरी कसोटी पराठ्याची. हा बिहारचा पदार्थ, तिथे या पिठाला सत्तू म्हणतात. तो लाटताना फुटतो, नाहीतर खाताना घशात कोरडा बसतो. मलाही इथेच बराच काळ अडलं होतं. कणीक घट्ट भिजवा, पारी जाड ठेवा, सारण कमी भरा, असे सगळे सल्ले पाळले तरी पराठा फुटतच राहतो, कारण दोष सारणाच्या ओलाव्यात असतो.

कोरडं पीठ पारीत भरलं की लाटण्याखाली ते एका बाजूला सरकतं आणि कड फाडून बाहेर येतं. फार ओलं केलं तर पारीला चिकटून भोक पाडतं. म्हणून 1 वाटी पिठात आधी मीठ, ओवा, ठेचलेला लसूण, किसलेलं आलं, बारीक हिरवी मिरची आणि लोणच्याचा खार घाला. 2 चमचे मोहरीचं तेल घालून दोन्ही तळव्यांत चोळा. तेलाची काटकसर इथे करू नका, घशात बसणारा कोरडेपणा त्यानेच जातो. मग लिंबू पिळा आणि पाण्याचे हबके मारत चोळत राहा. पाणी ओतायचं नाही. मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर तो भुगा होऊन सुटला पाहिजे. मुटका सुटलाच नाही तर पाणी जास्त झालं. आणखी कोरडं पीठ चोळा. 10 मिनिटं झाकून ठेवा आणि पुन्हा मूठ दाबून पाहा. पीठ तेवढ्यात पाणी ओढून घेतं, आणखी एखादा हबका लागतोच.

कांदा अगदी शेवटी, भरायच्या आधी घाला. मीठ लागलं की त्याला पाणी सुटतं आणि साधलेला ओलावा बिघडतो. कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवी, घट्ट नको. ती अर्धा तास मुरली की ताणली जाते, फाटत नाही. पारी मध्ये जाड, कडेला पातळ करा, सारण भरून तोंड बंद करा, गोळा तळव्याने दाबून चपटा करा आणि मग हलक्या हाताने लाटा. भाजणं नेहमीसारखंच.

प्रथिनांबद्दल अवास्तव अपेक्षा ठेवू नका. 100 ग्रॅम पिठात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे 20 ग्रॅम पिठातून 4 ग्रॅमच्या आसपास मिळतील. पण प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांपैकी गव्हात कमी असलेलं लायसिन हरभऱ्यात भरपूर असतं, आणि हरभऱ्यात कमी पडणारं मेथिओनिन गहू भरून काढतो. त्यामुळे नुसतं पाण्यातून घेण्यापेक्षा पोळी-पराठ्यातून हे पीठ खाणं मला जास्त पटतं.

सवय नसेल तर दिवसाला 1 मोठ्या चमच्यापासून सुरुवात करा, नाहीतर पोट फुगेल. पाणी जास्त प्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा. पीठ महिन्याभरात संपेल इतकंच करा, उन्हाळ्या-पावसाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा, आणि डब्यात ओला चमचा घालू नका.