खरकट्यापासून स्वयंपाकाचा गॅस: परसातले बायोगॅस संयंत्र कसे चालवावे

गोव्यात साळगावच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पात २०१६ पासून ओल्या कचऱ्याचा बायोगॅस करून वीज निर्माण केली जाते. तेच काम लहान प्रमाणावर, परसात ठेवलेल्या एक घनमीटरच्या तरंगत्या टाकीतही करता येते; त्यात खालच्या टाकीत मिश्रण असते आणि त्यावर उलटी ठेवलेली दुसरी टाकी गॅस साठताच वर उचलली जाते. हवाबंद टाकीतील जिवाणू अन्नाचे आधी आम्लांत आणि मग मिथेन या जळणाऱ्या वायूमध्ये रूपांतर करतात. आम्ल करणारे झपाट्याने वाढतात, मिथेन करणारे सावकाश, आणि संयंत्र बिघडते ते बहुतेक वेळा या तफावतीमुळेच.

टाकी उन्हात, विहिरीपासून लांब ठेवावी. माडाखाली ठेवू नये. सावलीपेक्षाही पडणाऱ्या नारळांचे भय मोठे असते. ताजे शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून, काडीकचरा काढून खालची टाकी भरावी. दोन-तीन आठवड्यांत वरची टाकी उचलली जाईल. हा पहिला गॅस हवामिश्रित असल्याने पेटवू नये, मोकळ्या जागी सोडून द्यावा.

त्यानंतर रोज मूठभर खरकटे बारीक करून पाण्यासह घालावे आणि काही आठवड्यांत हे प्रमाण दोन किलोंच्या आसपास न्यावे. भात, पेज, भाजीची देठे, माशांचे टाकाऊ भाग चालतात. करवंट्या, हाडे आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या मात्र तळाशी साचतात, म्हणून त्या वेगळ्या काढाव्यात. नारळाचा चोथा आणि लिंबाच्या साली बेतानेच घालाव्यात. चवथीला पाहुण्यांमागून उरलेले सगळे अन्न एकदम टाकीत ओतण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास आम्ल साचून मिथेन करणारे जिवाणू मंदावतात, आंबूस वास येतो आणि ज्योत धरत नाही. अशा वेळी अन्न घालणे थांबवावे, थोडा शेणकाला (शेण-पाण्याचे मिश्रण) घालावा आणि पीएच कागदावर सामू (आम्लता दाखवणारा पीएच) सातच्या जवळ आल्यावरच पुन्हा मूठभरापासून सुरुवात करावी.

बायोगॅसचा दाब कमी असल्यामुळे मोठ्या छिद्राची खास शेगडी लागते. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी ओढून कधीही नव्हे. पावसाळ्यात टाकीत पागोळ्यांचे पाणी शिरू देऊ नये. बाहेर पडणारी मळी पाण्यात मिसळून माडांच्या आळ्यांत घालावी.