गुंतलेल्या फोटॉनांपासून गुप्त किल्ली: प्रयोगाच्या टेबलावरची मांडणी

आर्टर एकर्ट यांनी १९९१ मध्ये दोघांमध्ये गुप्त किल्ली (फक्त त्या दोघांनाच ठाऊक असलेले बिट) बनवण्याची, गुंतलेल्या फोटॉन-जोड्यांवर (ज्यांची मोजमापं एकमेकांशी जुळतात) आधारलेली पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी बेनेट, ब्रासार्ड आणि मर्मिन यांनी तिचं सुटसुटीत रूप दिलं: ॲलिस आणि बॉब (किल्ली हवी असलेल्या दोघांची रूढ नावं) दोघांनीही फोटॉनचं ध्रुवीकरण फक्त दोन बेसिसमध्ये (मोजण्याच्या दिशांच्या जोड्यांत) मोजायचं, एक आडवं-उभं (एचव्ही) आणि दुसरं अधिक-उणे ४५ अंशांचं (डीए). बांधायला हीच पद्धत सोपी, म्हणून इथे तीच घेतली आहे.

स्रोत

४०५ नॅनोमीटरचा, २०-३० मिलिवॉटचा डायोड लेझर पंप म्हणून घ्या. त्याच्या वाटेत अर्धतरंग पट्टी (ध्रुवीकरण फिरवणारी), मग क्वार्ट्झची द्विअपवर्तक पट्टी आणि शेवटी एकमेकांना चिकटवलेले दोन बीबीओ (बेरियम बोरेट) स्फटिक, जे पंपाच्या एका फोटॉनपासून दोन बनवतात. प्रत्येक स्फटिक ०.५ मिलिमीटर जाड, सुमारे २९ अंशांवर कापलेला. दोघांचे अक्ष एकमेकांशी काटकोनातल्या प्रतलांत. ८१० नॅनोमीटरच्या जोड्या पंपाच्या दोन्ही बाजूंना साधारण ३ अंशांवर बाहेर पडतात. ४०५ साठीचा सुरक्षा चष्मा घातल्याशिवाय लेझर चालू करू नका.

जुळवणीचा क्रम पाळा. आधी ८१० चा मदतनीस लेझर संकलक (जोड्या गोळा करणाऱ्या) फायबरमधून उलटा सोडा आणि त्याचा ठिपका स्फटिकावर पंपाच्या ठिपक्यावर आणा. मग अर्धतरंग पट्टी फिरवून पंप पूर्ण उभा करा, एका स्फटिकाची जोडगणती (दोन्हीकडे एकाच वेळी येणाऱ्या क्लिकची संख्या) जास्तीत जास्त करा. पंप आडवा करून दुसऱ्याचंही तेच. शेवटी पंप ४५ अंशांवर ठेवून दोन्ही गणत्या समान करा.

आता एचव्हीमध्ये जुळणी उत्तम दिसेल. त्यावर खूश होऊ नका, ती जवळपास फुकट मिळते. गुंतागुंत आहे की नाही हे डीए सांगतं. क्वार्ट्झची पट्टी हळूहळू तिरपी करत डीएमधली विरोधी गणती (दोघांचे निकाल उलट येणाऱ्या जोड्यांची) किमान करा. दृश्यता म्हणजे (कमाल − किमान) ÷ (कमाल + किमान). दोन्ही बेसिसमध्ये ती ०.९७ आली, तर त्रुटीदर, म्हणजे न जुळणाऱ्या बिटांचं प्रमाण, (१ − ०.९७) ÷ २, म्हणजे १.५ टक्के.

पट्टी कितीही तिरपी केली तरी डीएची दृश्यता वर येत नसेल, तर दोष कलेचा (फेजचा) नाही. फोटॉन कुठल्या स्फटिकातून आला हे कुठून तरी कळतंय: पंपाची सुसंगतता कमी आहे, आडव्या आणि उभ्या घटकांमधल्या विलंबाची भरपाई झालेली नाही, किंवा संकलक एकाच स्फटिकाकडे झुकला आहे.

ग्राहक

दोन्हीकडे सारखीच मांडणी: १० नॅनोमीटर रुंदीची ८१० ची गाळणी, ५०:५० बीम स्प्लिटर, एका फांदीत थेट ध्रुवीकरण स्प्लिटर, दुसरीत त्याआधी २२.५ अंशांवर अर्धतरंग पट्टी. प्रत्येक बाजूला एकूण चार सिलिकॉन ॲव्हलांच डायोड (एकेक फोटॉन टिपणारे). बेसिसची निवड बीम स्प्लिटरच करतो, त्यामुळे वेगळा यादृच्छिक जनक लागत नाही. खोलीतला दिवा चालू असताना डायोड उघडे ठेवले तर ते खराब होऊ शकतात.

फायबर ध्रुवीकरण फिरवतं, म्हणून वाटेत पॅडल नियंत्रक बसवा. स्रोतापाशी आडवा पोलरायझर लावून बॉबच्या उभ्या डायोडची गणती किमान करा. मग ४५ अंशांचा लावून दुसऱ्या बेसिसमध्ये तेच. फक्त पहिल्यावर थांबलात तर कला मोकळी राहते आणि डीएच्या त्रुटी वाढतात. फायबर हलला किंवा तापमान बदललं की हे पुन्हा करावं लागतं.

वेळ आणि जोड्या

प्रत्येक क्लिकची वेळ टाइम टॅगर नोंदवतो. दोन्ही घड्याळं समान १० मेगाहर्ट्झ संदर्भावर चालवा आणि नोंदींच्या परस्परसहसंबंधातलं शिखर शोधून विलंब ठरवा. खिडकी, म्हणजे दोन क्लिक एकाच जोडीचे मानायची वेळेची मर्यादा, २ नॅनोसेकंद धरू. आकस्मिक (योगायोगाने एकत्र पडलेल्या) जोड्या = ॲलिसची गणती × बॉबची गणती × खिडकी. दोन्हीकडे सेकंदाला ५०,००० असतील तर ५ मिळतात. पंपाची ताकद दहापट केली की खऱ्या जोड्या दहापट होतात, आकस्मिक मात्र शंभरपट. दर वाढवायचा हा मोह इथेच अंगाशी येतो.

बिटांपासून किल्ली

बेसिस उघड सांगा, न जुळलेल्या जोड्या टाका, निम्म्या उरतात. कॅस्केड या पद्धतीने त्रुटी दुरुस्त करा, मग टोप्लिट्झ मॅट्रिक्सने किल्ली आखडा, म्हणजे बाहेर फुटलेली माहिती निरुपयोगी होते. ३ टक्के त्रुटी आणि १.१५ दुरुस्ती-गुणांक असताना उरणारा भाग १ − २.१५ × ०.१९४ (२.१५ म्हणजे १ + १.१५, ०.१९४ ही ३ टक्क्यांची बायनरी एन्ट्रॉपी), म्हणजे सुमारे ०.५८. छाननीनंतर उरलेल्या १,००० बिटांतून ५८० गुप्त बिट मिळतील. छोट्या गठ्ठ्यात सांख्यिकी अनिश्चितता आणखी कापून घेते. आदर्श दुरुस्तीतसुद्धा ११ टक्क्यांच्या आसपास काहीच उरत नाही.

ही सारी बोलणी आधी वाटून घेतलेल्या छोट्या किल्लीने प्रमाणित करा. ते वगळलं तर मधला माणूस दोघांशी स्वतंत्र किल्ल्या बनवेल आणि त्रुटीदरात काहीही दिसणार नाही.

दोन गळत्या उपकरणांतून होतात. चार डायोडांचे विलंब वेगळे असतील तर उघड केलेली वेळच बिट फोडते. केबल जुळवा आणि वेळा १ नॅनोसेकंदापर्यंत गोल करूनच पाठवा. दुसरी: तीव्र प्रकाशाने डायोड आंधळा करून हवा तेव्हा क्लिक करवता येतो. त्यासाठी डायोडच्या प्रवाहावर लक्ष ठेवा आणि तो अचानक वाढला की त्या वेळेचा पूर्ण गठ्ठा फेकून द्या.