निधी-सल्लागार नेमण्याआधी जुनी पावतीपुस्तकं माळ्यावरून खाली काढा

आमची संस्था लहान आहे. पुण्यात पर्वती पायथ्याशी संध्याकाळची अभ्यासिका आणि बाहेरगावाहून शिकायला आलेल्या बावीस मुलींची राहण्याची सोय, एवढंच काम. चौदा वर्षं मी तिची कार्यवाह होते. आता ते पद सोडलंय आणि इतर छोट्या संस्थांना निधी उभारायला मदत करते. ‘ताई, पैसे आणून देणारा कुणी चांगला माणूस सांगा ना,’ असा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते.

पैसे आणून देणारा माणूस नसतो. सल्लागाराकडे देणगीदारांची थैली नसते, पद्धत असते. कुणाकडे जायचं, कधी जायचं, किती मागायचं, पैसे मिळाल्यावर काय आणि केव्हा कळवायचं, हे तो बसवून देतो. मागायला तुम्हालाच जावं लागतं.

हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. २०१५ मध्ये जागेचं भाडं वाढलं तेव्हा एकजण म्हणाले, ‘जमेल त्याचे वीस टक्के मला द्या, नाही जमलं तर काही नको.’ विश्वस्तांना ते फार सोयीचं वाटलं. आठ महिन्यांत दोन कार्यक्रम झाले, काही धनादेश आले. यादी तपासली तर बहुतेक नावं आमच्याच जुन्या हितचिंतकांची निघाली, आणि त्यांच्या पैशांवर आम्ही वीस टक्के मोजले होते. ते गृहस्थ गेले तेव्हा नावं-नंबरही त्यांच्याबरोबर गेले. पुढच्या वर्षी त्याच लोकांना दुसऱ्या संस्थेसाठी फोन गेले. एका काकांनी मला सरळ विचारलं, ‘माझ्या पाच हजारांतले हजार कुणाला गेले?’ मी मान खाली घालून उभी राहिले.

म्हणून पहिला नियम: टक्केवारी नको. निधी उभारणाऱ्या व्यावसायिकांची ‘असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स’ ही अमेरिकेतली मोठी संघटना आहे. तिच्या आचारसंहितेतही जमलेल्या रकमेवर टक्केवारी घेणं मान्य नाही. टक्केवारीवर काम करणाऱ्याला आजचा धनादेश हवा असतो. दहा वर्षं टिकणारं नातं सावकाश जमतं, त्यात त्याला रस वाटेल कसा? फी कामाची ठरवा, दिवसांवर किंवा महिन्यावर. ती तुमच्या अंदाजपत्रकात उघडपणे दाखवा.

२०१७ मध्ये आम्ही दुसऱ्या बाई नेमल्या. महिना अठरा हजार, सहा महिने, आठवड्याचे दोन दिवस. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, ‘जुनी पावतीपुस्तकं कुठे आहेत?’ माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती, ती उतरवली. आत अकरा वर्षांच्या स्थळप्रती, निळ्या कार्बनची अक्षरं पुसट झालेली, काही पानं एकमेकांना चिकटलेली. आम्ही दोघी चार दिवस सतरंजीवर बसून एकेक पावती एक्सेलमध्ये उतरवत होतो: नाव, फोन, रक्कम, तारीख, निमित्त. निमित्ताचा रकाना त्यांनी हट्टाने ठेवायला लावला. चारशेच्या वर नावं निघाली. त्यातल्या त्रेसष्ट जणांनी तीन किंवा जास्त वेळा पैसे दिले होते, आणि त्यांतल्या एकाच्याही घरी आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं.

एक नाव दरवर्षी आषाढात येत होतं. पाचशे एक रुपये, ‘पत्नीच्या स्मरणार्थ’. सलग नऊ वर्षं. सल्लागारबाई म्हणाल्या, ‘आज फोन करा. पैसे मागू नका, भेटायला येऊ का विचारा.’ सहकारनगरात जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर आजोबा एकटे राहत होते. फोनवरच त्यांनी बजावलं होतं, ‘तीन वर्षांचे ताळेबंद घेऊन या.’ नोकरी हिशेबतपासणीची झालेली. चष्मा पुसून, शिसपेन्सिल हातात घेऊन तासभर ते वाचत बसले. मग एका ओळीवर पेन्सिल टेकवली. ‘किरकोळ खर्च चौऱ्याऐंशी हजार? हा किरकोळ आहे का?’ मी सांगितलं की त्या उन्हाळ्यात बोअर आटली, अडीच महिने टँकर घ्यावे लागले, आणि लिहिणाऱ्याने ते किरकोळमध्ये टाकले. ते म्हणाले, ‘मग टँकर असं लिहा.’ सल्लागारबाई शेजारी गप्प बसून होत्या. परतताना रिक्षात म्हणाल्या, ‘हे उत्तर मी दिलं असतं तर त्यांनी नुसता चहा पाजून पाठवलं असतं.’ आठवड्याने छत्तीस हजारांचा धनादेश आला, एका मुलीचा वर्षाचा खर्च. आणि पुढच्या वर्षापासून आमच्या हिशेबात पाण्याची वेगळी ओळ आली.

सल्लागार येण्याआधी कागद तयार ठेवा, नाहीतर त्याची पहिली दोन महिन्यांची फी कागद शोधण्यात जाते. न्यासाची नोंदणी, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट), ८०जी (देणगीदाराला करसवलत), एनजीओ दर्पण या सरकारी संकेतस्थळावरचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. ८०जी आता कायमचं नसतं, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. ती तारीख भिंतीवर लिहा. आणि ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय कार्यालयात जाऊन आपलं शेड्यूल-१ (न्यासाच्या नोंदीचा उतारा) काढून पाहा. कितीतरी संस्थांत दिवंगत झालेले विश्वस्त तिथे अजून विश्वस्तच आहेत, कारण चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवायचा अर्ज, कुणी दाखलच केला नाही. कायद्याने तो बदलापासून नव्वद दिवसांत द्यायचा असतो. देणगी देणाऱ्या कंपनीचा माणूस हा कागद आधी बघतो.

कंपन्यांबद्दल थोडंच सांगते, कारण छोट्या संस्था याच वाटेवर फार वेळ घालवतात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त, त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. असा पैसा घ्यायचा तर संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी हवी (१ एप्रिल २०२१ पासून) आणि तीन वर्षांचा कामाचा अनुभव हवा. हिंजवडी-चाकणच्या कंपन्या संगणक देतील, प्रयोगशाळा देतील. भाडं, पगार, वीजबिल यांसाठी मात्र सहसा हात आखडतात. आमच्यासारख्यांचं भाडं शेवटी माणसंच भरतात, म्हणून सल्लागाराचे दिवस आधी माणसांवर खर्च करा.

माणसांकडून पैसे घेताना तीन ठिकाणी संस्था अडकतात. एक, क्यूआर कोड. पैसे येतात, पण पॅन येत नाही. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून देणगीदारांचं विवरण आयकर खात्याला द्यावं लागतं आणि त्यावरूनच देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. तेव्हा कोडखाली नाव आणि पॅन भरायचा छोटा फॉर्म ठेवा. दोन, रोख. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत नाही, हे पावती फाडतानाच सांगा. नव्या करप्रणालीत गेलेल्यांना तर ही सवलत मिळतच नाही, म्हणून ‘कर वाचवा’ एवढ्याच आवाहनावर विसंबू नका. तीन, अमेरिका. पुण्यात घराघरांतून मुलं तिकडे आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा चालतो. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याचा पैसा, मग तो सख्खा भाचा का असेना, परदेशी निधी ठरतो. त्याला एफसीआरए (परदेशी निधीच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. संकोच न करता पासपोर्ट विचारा.

करारात चार गोष्टी लिहूनच घ्या. देणगीदारांची यादी संस्थेची, सल्लागार ती दुसरीकडे वापरणार नाही. पैसे फक्त संस्थेच्या खात्यात, त्याच्या हातात रोकड नाही. मुलींचे फोटो त्यांच्या आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही नाहीत. ‘जरा रडवेला चेहरा हवा’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. आणि सगळ्या फाइली महिन्याच्या महिन्याला संस्थेच्या संगणकावर. नेमणुकीआधी त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी काम संपवलेल्या दोन संस्थांना फोन करा. तो गेल्यावर काय उरलं, ते त्याच सांगू शकतात.

‘आम्हाला मागता येत नाही,’ असं विश्वस्त म्हणतात तेव्हा मी त्यांना कर्वे रस्त्याच्या नावाची आठवण देते. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि सुट्टीत गावोगाव फिरून हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करायचे. त्यांनीच काढलेल्या महिला विद्यापीठाला उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींचे पंधरा लाख मिळाले ते १९२० मध्ये, आश्रमाची संस्था स्थापन झाल्यावर चोवीस वर्षांनी.

वेळ आपल्या माणसांच्या पंचांगावर ठरवा. पितृपक्षात पुण्यात ‘देणे समाजाचे’ हे संस्थांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा लोक आई-वडिलांच्या नावाने द्यायच्या मनःस्थितीत असतात. २ ते ८ ऑक्टोबर दानोत्सव, देशभरचा देण्याचा आठवडा. मग दिवाळी, मग मार्च. एक्सेलमधल्या निमित्ताच्या रकान्यातून प्रत्येकाची तिथी काढा आणि आठ दिवस आधी फोन करा.

कराराचा शेवटचा महिना शिकवण्यासाठी राखून ठेवा. आमच्या बाईंनी त्या महिन्यात एकही फोन स्वतः केला नाही. आमची लेखनिक मुलगी फोन करायची, त्या शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून ऐकायच्या. फोन झाला की दोन वाक्यं सांगायच्या: ‘आधी मुलीचा निकाल सांग. आणि ते बोलत असताना मध्ये बोलू नकोस.’ ती मुलगी आज आमची निधीप्रमुख आहे.