नाटकवाल्या पोरांना 'ऑल दॅट जॅझ' कसा दाखवायचा

झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडईचा (गावजत्रेचा) सीझन लागला की गडचिरोलीतल्या वडसाच्या नाटक मंडळ्या रातभर नाटक करतात, म्हणून बॉब फॉसीचा हा १९७९चा पिक्चर त्याच्या आधीच दाखवा. इंग्रजी येत नसलं तरी चालते. सकाळचा सीन नीट पाहू द्या, कॅसेट, डोळ्यात ड्रॉप, गोळी, आरशासमोर 'शोटाइम', अन् हेच परत परत येते, दर वेळी हिरोचा, म्हणजे छातीत दुखत असूनही काम न थांबवणाऱ्या डायरेक्टर 'जो गिडियन'चा, चेहरा आणखी उतरलेला, तिथं पॉज करा. पांढऱ्या कपड्यातली बाई म्हणजे मरण, हे आधीच सांगा. विमानाचा डान्स उघडावाघडा आहे, लहान पोरं नको. हॉस्पिटलातली गाणी मात्र अजिबात कापू नका भाऊ. अन् छातीत दुखत असून स्टेजवर जाणारा कोणी मंडळीत असंन तर त्याला पुढं बसवा, सकाळी ईसीजी काढायला घेऊन जा.