एसेक्सच्या किनाऱ्यावर रेडिओ कसा ऐकावा

एसेक्स ही लंडनला पूर्वेकडून लागून असलेली काउंटी. ब्रिटनमधले पहिले नियमित रेडिओ कार्यक्रम येथूनच झाले, आणि पुढे सरकारला सर्वांत जास्त सतावणारी विनापरवाना स्टेशनेही याच किनाऱ्यासमोर नांगर टाकून बसली. हा इतिहास घरबसल्या वाचता येतो. पण छोटा रेडिओ हातात घेऊन किनाऱ्यावर उभे राहिल्यावर तो जसा उलगडतो, तसा वाचून उलगडत नाही, कारण परवानगी आणि चाचेगिरी यांतला फरक येथे बराच काळ केवळ समुद्रातल्या मैलांवर ठरत असे. लंडनमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे मुलाबाळांकडे गेलेल्या मराठी माणसाला दोन दिवसांत हे सारे कसे पाहता आणि ऐकता येईल, ते येथे सांगतो.

सर्वप्रथम रेडिओ. मोबाइलवरचे अॅप येथे कामाचे नाही. मीडियम वेव्ह आणि एफएम हे दोन्ही पट्टे असलेला, बॅटरीवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर हवा. भारतातून नेलेला संचही उत्तम चालतो, कारण भारतात आणि युरोपात मीडियम वेव्हवरची स्टेशने नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने लावलेली असतात. आपले पुणे केंद्र ७९२ वर लागते आणि ज्या स्टेशनासाठी हा खटाटोप करायचा ते, एकेकाळी याच समुद्रातून विनापरवाना चाललेले रेडिओ कॅरोलाइन ६४८ वर लागते, हे दोन्ही आकडे नऊच्या पाढ्यातले आहेत. अमेरिकेत घेतलेल्या डिजिटल संचाचे टप्पे दहा-दहाचे असतात. तसा संच ६४८ वर थांबतच नाही, म्हणून त्यात टप्पा बदलण्याची सोय आहे की नाही, हे निघण्यापूर्वी तपासावे. ब्रिटनमध्ये रेडिओ ऐकण्यासाठी लागणारा परवाना १९७१ मध्येच रद्द झाला आहे, तेव्हा त्या बाजूने काळजी नाही.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून क्लॅक्टनकडे जाणारी गाडी पकडावी, थॉर्प-ल-सोकन येथे वॉल्टनचा फाटा धरावा आणि फ्रिंटन-ऑन-सी येथे उतरावे. पहिल्या वेळी मी गाडीतच रेडिओ सुरू केला आणि डोक्यावरच्या विजेच्या तारांमुळे खरखरीशिवाय काहीच ऐकू आले नाही. किनाऱ्यावर पोहोचल्यावरही खरखर गेली नाही, तेव्हा संच बिघडला असे समजून मी जवळजवळ परत फिरलो होतो. दोष संचाचा नव्हता. त्याच पिशवीत मोबाइल पॉवर बँकेला लावून ठेवलेला होता. चार्जर, एलईडी दिवे आणि विजेवर धावणाऱ्या गाड्या हे मीडियम वेव्हचे खरे वैरी आहेत, म्हणून ही उपकरणे बंद करावीत किंवा चार पावले दूर ठेवावीत, आणि बाकावर बसण्याऐवजी थेट पाण्याच्या कडेला जावे.

तेथे काटा ६४८ वर आणावा. हे प्रक्षेपण शेजारच्या सफोक काउंटीतल्या ऑर्फर्ड नेस येथून होते. फ्रिंटनपासून ते ईशान्येला साधारण ४० किलोमीटरवर आहे आणि मधला बराचसा मार्ग पाण्यावरून जातो. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्यामुळे मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीपेक्षा समुद्रावरून कितीतरी कमी झिजत जातात. आता एक प्रयोग करावा. संच आडवा धरून स्वतःभोवती हळूहळू फिरावे. एका विशिष्ट दिशेला आल्यावर आवाज एकदम क्षीण होतो, कधी कधी नाहीसाच होतो. बहुतेक छोट्या संचांत एरियल म्हणून फेराइट या चुंबकीय पदार्थाची दांडी लांबीच्या दिशेने बसवलेली असते. तिचे टोक स्टेशनाकडे रोखले गेले की तिला लहर पकडता येत नाही. आवाज बुडाला त्या क्षणी संचाचे अरुंद टोक ईशान्येकडे किंवा तिच्या नेमके उलट नैऋत्येकडे वळलेले दिसेल. समुद्रात नेमके कोठून कोण बोलत आहे हे शोधण्याचे जुने तंत्र मुळात हेच आहे, आणि ते एकदा हाताला समजले की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो.

या किनाऱ्यासमोर २८ मार्च १९६४ रोजी, ईस्टरच्या शनिवारी, रोनन ओराहिली या आयरिश तरुणाचे रेडिओ कॅरोलाइन एका जुन्या प्रवासी जहाजावरून सुरू झाले. सुरुवातीला ते फेलिक्सस्टोसमोर होते. मे महिन्यात ‘मी अमिगो’ या जहाजावरचे रेडिओ अटलांटा हे तसेच दुसरे स्टेशन फ्रिंटनसमोर आले, जुलैत दोन्ही स्टेशने एक झाली, पहिले जहाज आयल ऑफ मॅनकडे गेले आणि ‘मी अमिगो’ येथेच राहिले. डिसेंबरात रेडिओ लंडन हे तिसरे जहाजही या पाण्यात दाखल झाले. त्या काळी ब्रिटनची सागरी हद्द तीन सागरी मैलांची होती, म्हणून जहाजे त्या रेषेच्या जरा पलीकडे नांगरत, आणि स्वच्छ दिवशी ती किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसत. ज्या फ्रिंटनमध्ये २००० सालापर्यंत एकही पब नव्हता, त्या सोवळ्या गावासमोरच हा गोंगाट चालावा, यातली गंमत तेथल्या शांत हिरवळीवर बसल्यावर चांगली कळते.

लोकांना तो गोंगाट हवा का होता, हे मराठी वाचकाला फारसे समजावून सांगावे लागणार नाही. बीबीसीवर ध्वनिमुद्रिका वाजवण्याच्या तासांवर संगीतकारांच्या संघटनेशी आणि रेकॉर्ड कंपन्यांशी झालेल्या करारांमुळे मर्यादा होती, त्यामुळे तरुणांना हवी ती गाणी सरकारमान्य स्टेशनावर क्वचितच लागत. आपल्याकडे पन्नाशीच्या दशकात नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना आळा घातला, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. सिलोन हे दुसऱ्या देशाचे रीतसर स्टेशन होते, एवढा फरक सोडला तर कथानक तेच.

जुनी जाहिरात, पोस्टर किंवा मोटारीवरचे स्टिकर पाहताना एक हिशेब येत असावा. त्या काळी स्टेशने किलोहर्ट्झ सांगत नसत, मीटर सांगत. तीन लाखाला मीटरने भागले की किलोहर्ट्झ मिळतात. एसेक्सच्या नावाचेच रेडिओ एसेक्स २२२ मीटरवर होते, म्हणजे आजच्या संचावर सुमारे १३५० किलोहर्ट्झ. मात्र सांगितलेल्या आकड्यावर सरसकट विश्वास ठेवू नये. कॅरोलाइन स्वतःला १९९ मीटरवर म्हणवत असे, आणि प्रत्यक्षात ती लहर १५२० किलोहर्ट्झची, म्हणजे १९७ मीटरची होती. इंग्रजीत ‘नाइन’ हा शब्द ‘कॅरोलाइन’शी यमकात बसतो, म्हणून दोन मीटर वाढवलेले होते.

हे रेडिओ एसेक्स जहाजावर नव्हते. दुसऱ्या महायुद्धात गाय मॉन्सेल यांनी टेम्सच्या मुखाशी विमानविरोधी तोफांसाठी समुद्रात बुरूज उभारले होते; त्यांपैकी नॉक जॉन या बुरुजावर रॉय बेट्स या माजी सैनिकाने १९६५ मध्ये ते स्टेशन थाटले. पुढच्या वर्षी त्यांच्यावर खटला झाला, हा बुरूज ब्रिटनच्याच हद्दीत येतो असे न्यायालयाने ठरवले आणि त्यांना १०० पौंड दंड झाला. पाण्यातली हद्द कोठून मोजायची, हा त्या काळचा कळीचा प्रश्न होता, कारण टेम्सच्या मुखात ओहोटीच्या वेळी उघडे पडणारे वाळूचे पट्टे आहेत आणि माप तेथून धरले की पलीकडचे बरेच पाणी अचानक आतले होते. बेट्स यांनी मग सफोकसमोरचा, हद्दीबाहेरचा रफ्स टॉवर धरला आणि २ सप्टेंबर १९६७ रोजी तेथे सीलँड नावाचे ‘राष्ट्र’च जाहीर केले.

फ्रिंटनहून समुद्राच्या भिंतीकडेने दक्षिणेला हॉलंड-ऑन-सीकडे चालत जावे. याच पट्ट्यात २० जानेवारी १९६६ रोजी वादळात नांगर तुटून ‘मी अमिगो’ किनाऱ्याला लागले होते. वाळूवर ओळीने बांधलेले लाकडी बांध आणि उथळ पाणी पाहिले की ते जहाज येथून धड सुटले याचेच नवल वाटते. तेच जहाज अखेर मार्च १९८० मध्ये टेम्सच्या मुखाशी बुडाले.

त्या वेळी सरकारने जहाजांवर थेट हल्ला केला नाही. त्यांची रसद तोडली. १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झालेल्या सागरी प्रक्षेपण कायद्याने ब्रिटिश नागरिकाला अशा स्टेशनावर काम करणे, त्याला जाहिरात देणे किंवा अन्नपाणी पोहोचवणे हा गुन्हा ठरवला. रेडिओ लंडन आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता बंद झाले, आणि ३० सप्टेंबरला बीबीसीने रेडिओ वन सुरू केले, ज्यावर जहाजांवरचे अनेक निवेदक लगेच दिसू लागले. १९८७ मध्ये सागरी हद्द तीनवरून बारा मैलांवर गेली, तेव्हा उरलीसुरली जागाही आक्रसली.

आता एफएमचा पट्टा. त्यावर बीबीसी एसेक्स १०३.५ आणि ९५.३ वर मिळते. ते ५ नोव्हेंबर १९८६ रोजी सुरू झाले. ब्रेंटवूडच्या परिसरात ९८.० वर फिनिक्स एफएम हे स्वयंसेवकांनी चालवलेले सामुदायिक स्टेशन लागते, आणि ते मी मुद्दाम ऐकतो, कारण गावातला रस्ता कोठे बंद आहे हे तेथेच कळते. काउंटीच्या नैऋत्य टोकाला, लंडनच्या हद्दीजवळ, परवानाधारक स्टेशनांच्या फटीत एखादे अनोळखी स्टेशन घुसलेले ऐकू आले, तर ते उंच इमारतीच्या गच्चीवरून विनापरवाना चाललेले असण्याची शक्यता धरावी. ऐकण्याने काही बिघडत नाही. मात्र उत्साहाच्या भरात स्वतः ट्रान्समीटर लावू नये. २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याखाली त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड होऊ शकतो. शिवाय एफएमचा पट्टा जेथे संपतो, तेथेच विमानांचा पट्टा सुरू होतो, आणि घरगुती बनावटीचा ट्रान्समीटर आपल्या जागेवर नीट राहत नाही.

ज्यांना खरोखर बोलायचेच आहे, त्यांनी ऑफकॉम या नियामक संस्थेकडे जावे. एखाद्या उत्सवासाठी जास्तीत जास्त २८ दिवसांचा कमी शक्तीचा परवाना मिळतो, आणि ब्रिटनमध्ये रमझानच्या महिन्यात कितीतरी स्टेशने याच मार्गाने लागतात. गणपतीचे दहा दिवस किंवा दिवाळी त्यात सहज बसेल. कायमस्वरूपी काम करायचे असेल तर नफा न कमावणारी संस्था, ठरलेला परिसर आणि त्या परिसराला होणारा उपयोग या तीन गोष्टी दाखवून सामुदायिक स्टेशनाचा परवाना मागावा लागतो. अलीकडे त्यासाठी लहान पल्ल्याच्या डीएबीचाही, म्हणजे डिजिटल रेडिओचाही, मार्ग आहे. बेकायदा प्रक्षेपणाची शिक्षा झालेल्या माणसाला पाच वर्षे परवाना मिळत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेम्सफर्डला थांबावे. मार्कोनी यांच्या कंपनीने १५ जून १९२० रोजी येथूनच नेली मेल्बा या गायिकेचे गाणे प्रक्षेपित केले, आणि त्याच वर्षी टपाल खात्याने, सैन्याच्या व विमानांच्या संपर्कात व्यत्यय येतो म्हणून, ही ‘करमणूक’ बंद पाडली. पुढे शेजारच्या रिटल गावातल्या एका लाकडी झोपडीतून १४ फेब्रुवारी १९२२ पासून दर मंगळवारी संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम होऊ लागला. ती झोपडी आज चेम्सफर्डच्या सँडफर्ड मिल संग्रहालयात आहे. ते रोज उघडे नसते, म्हणून तारीख आधी पाहून ठेवावी.

दुपारी वेस्ट मर्सी गाठावे. समोरच्या ब्लॅकवॉटर खाडीत, ब्रॅडवेलच्या बाजूला, लाल रंगाचे रॉस रिव्हेंज हे जुने मासेमारी जहाज २०१४ पासून नांगरलेले आहे. १९८३ ते १९९० या काळात कॅरोलाइन त्याच्यावरूनच चालले. त्याचा सुमारे ३०० फुटी मनोरा १९८७ मध्ये कोसळला. जहाज पाहण्यासाठी वेस्ट मर्सीहून होडीच्या फेऱ्या निघतात. जागा आधी राखून ठेवावी लागते आणि वारा वाढला तर फेरी रद्द होते, तेव्हा मोकळा दिवस हाताशी असलेला बरा. होडीतून जहाजावर चढताना दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून रेडिओ खिशात ठेवावा. येथे ६४८ लावला की समोर जहाज आणि हातात त्याचेच स्टेशन, असा योग येतो; पण संच फिरवून आवाज बुडवला तर त्याचे टोक जहाजाकडे नव्हे, ईशान्येच्या ऑर्फर्ड नेसकडे वळते, कारण २०१७ मध्ये ऑफकॉमने रीतसर परवाना दिल्यापासून कॅरोलाइन जमिनीवरूनच बोलते, आणि तेही बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने २०११ मध्ये सोडून दिलेल्या जागेवर.

संध्याकाळी थोडे थांबावे. अंधार पडू लागला की दूरच्या युरोपातली स्टेशने पट्ट्यावर उमटू लागतात आणि कॅरोलाइनमागे कोणीतरी कुजबुजल्यासारखे ऐकू येते. परंतु मर्सी हे बेट आहे. मुख्य भूमीला जोडणारा स्ट्रूड नावाचा रस्ता मोठ्या भरतीत पाण्याखाली जातो आणि तो उघडेपर्यंत दोन्ही बाजूंच्या गाड्या उभ्याच राहतात, म्हणून भरतीची वेळ सकाळीच कागदावर लिहून घ्यावी आणि तिच्या बऱ्याच आधी बेट सोडावे.